न प्यायलेल्या दारूची कावीळ

माझे डोळे पिवळे झालेत हे मला घरच्या कुणी सांगितलं नाही, एका पक्षकाराने सांगितलं. धारवाडच्या कोर्टाच्या आवारात आम्ही दोघं चहा पीत उभे होतो. त्याचा जमिनीच्या वाटणीचा दावा होता आणि पुढची तारीख का पडली हे मी त्याला समजावत होतो. त्याचं लक्ष बोलण्यात नव्हतं. तो माझ्या तोंडाकडे टक लावून बघत होता. शेवटी म्हणाला, "साहेब्रे, निम्म कण्णु हळदी आग्यावरी." तुमचे डोळे पिवळे झालेत. मी म्हटलं, उन्हामुळे तसं दिसत असेल. त्याने वर झाडाकडे बघितलं. आम्ही सावलीत उभे होतो.

समोरच्याचं म्हणणं आधी नाकारायचं, मग वाचायचं, ही आम्हा वकिलांची सवय. पण खरं तर त्याआधीच जेवण नकोसं झालं होतं. लघवी कोऱ्या चहासारखी होत होती. संध्याकाळी अंगाला अशी खाज सुटायची की माझी बायको विद्या म्हणायची, साबण बदला. साबण बदलून झाला होता.

यकृताच्या आजाराची माहिती देण्याचा माझा अधिकार नाही आणि इच्छाही नाही. ते डॉक्टर मंडळी माझ्यापेक्षा चांगलं सांगतील. ज्यांच्या घरात एखादं माणूस असं पिवळं होऊन बसलंय आणि कारण काही केल्या सापडत नाही, त्यांनी आपल्या स्वयंपाकघराकडे एकदा नीट बघावं, एवढ्यासाठी हा खटाटोप.

*

धारवाडात आम्ही राहतो त्या सप्तापूरच्या नेहमीच्या डॉक्टरांनी रक्त तपासायला पाठवलं. रिपोर्ट हातात घेतला तेव्हा त्यांनी चष्मा काढून पुसला, परत लावला आणि विद्याकडे बघून म्हणाले, "आजच्या आज हुबळीला न्या." माझ्याकडे बघून बोलले असते तर मी वाद घातला असता, हे त्यांना ठाऊक असावं.

आई तेव्हा दवाखान्याच्या दारात उभी होती. ती म्हणाली, कावीळ आहे ना, मग हुबळी कशाला, अमक्या गावाला कावीळ उतरवणारा माणूस आहे, रविवारी सकाळी जाऊया. मी तिच्यावर ओरडलो. म्हटलं, मी शिकलेला माणूस आहे, असल्या झाडपाल्याच्या नादाला लागणार नाही. हे वाक्य मला नंतर बऱ्याच वेळा आठवलं.

हुबळीच्या दवाखान्यात पहिला प्रश्न आला, "घेता का?"

नाही, म्हटलं.

"कधीतरी? पार्टीत?"

कधीच नाही.

डॉक्टरांनी मान हलवली, पण ती मान मी ओळखतो. पुरावा समोर आल्याशिवाय न्यायाधीश जशी हलवतात तशी ती होती. त्यानंतर रक्त काढणारी सिस्टर, सोनोग्राफीवाला, शेजारच्या खोलीतल्या पेशंटचे मेहुणे, सगळ्यांनी हाच प्रश्न आपापल्या पद्धतीने विचारला. लिव्हर म्हटलं की दारू, हे समीकरण आपल्याकडे इतकं पक्कं आहे की मी गांधीटोपी घालून झोपलो असतो तरी उपयोग झाला नसता. बेळगावहून मावसभाऊ बघायला आला. तो कॉटवर बसून, आवाज खाली आणून म्हणाला, "कोर्टाचं टेन्शन असतंय की. घेतलास तर घेतलास, खरं प्रमाणात घ्यायची होतीस रे." मी म्हटलं, अरे, मी घेतच नाही. तो म्हणाला, "हां हां, वहिनी आहेत इथं, कळालं." आणि विद्याला ते ऐकू गेलं.

विद्या शाळेत शिक्षिका आहे. इतक्या वर्षांच्या संसारात तिने माझ्यावर संशय घ्यावा असं काही मी केलेलं नाही. त्या दिवशी मावसभाऊ गेल्यावर ती बराच वेळ माझी शाल घडी करत राहिली. मग म्हणाली, "मला खरं सांगा. कोर्टातून यायला उशीर होतो तेव्हा..." आणि थांबली. मला राग आला, तो तिच्यावर आला, आणि मी तोंड फिरवून झोपलो. आजाराने माझ्या घरात काय काय घुसवलं त्यातलं हे पहिलं.

*

विषाणूच्या सगळ्या तपासण्या कोऱ्या आल्या. कावीळ होण्याची जी नेहमीची कारणं असतात त्यांतलं एकही माझ्यात सापडेना. मोठे डॉक्टर राऊंडला यायचे, फाईल चाळायचे आणि "बघूया" म्हणून जायचे. आजार कसला आहे हे माहीत असलेला माणूस भितो. माहीत नसलेला त्याहून जास्त भितो. मी तर असा माणूस की समोरच्या पक्षाचे कागद आधी वाचून मगच उभा राहतो. इथे समोर कोण उभं आहे तेच कळत नव्हतं.

तिथे एक तरुण डॉक्टर होती, शैलजा नावाची. पुढचं शिक्षण घेत होती आणि तिच्या प्रबंधाचा विषयच हा होता: ज्यांचं यकृत अचानक बिघडतं आणि कारण लागत नाही, अशा लोकांना नेमकं काय झालेलं असतं. दुपारी वॉर्ड शांत झाला की ती स्टूल ओढून माझ्याजवळ बसायची. बोलायची कन्नडात; मी इथे मराठीत लिहितोय. पहिल्याच दिवशी तिने मला विचारलं, तुमची माहिती मी वापरू का? मी म्हटलं, वापरा, पण दारूचा प्रश्न सोडून बाकी काहीही विचारा. ती हसली. त्या दवाखान्यात माझ्यावर विश्वास ठेवणारी ती पहिली.

मग तिची उलटतपासणी सुरू झाली. अंगदुखीच्या गोळ्या घेता का? नाही. क्षयाची औषधं कधी? नाही. साखरेसाठी, वजनासाठी, केसांसाठी काही पावडर, काही गोळ्या? माझ्या डोक्याकडे बघून हा शेवटचा प्रश्न विचारायची गरज नव्हती, असं मी म्हटलं. आयुर्वेदाच्या दुकानातलं काही औषध? नाही. शेतावर जाता का, फवारणी? नाही. रानातले अळंबे खाल्ले? नाही. तुम्हाला माहीत नसलेलं कुणी काही औषध दिलं? नाही, डॉक्टर, मी औषध घेणारा माणूसच नाही.

साक्षीदाराने विचारलेल्याचंच उत्तर द्यावं, एक शब्द जास्त बोलू नये, हे मी आयुष्यभर पक्षकारांना शिकवत आलो. मी स्वतः अगदी तसाच वागलो. एकही उत्तर खोटं नव्हतं.

*

दवाखान्यातला दिवस रक्तापासून सुरू व्हायचा. रिपोर्टात पुष्कळ आकडे असायचे, पण आमच्या सगळ्यांची नजर एकाच आकड्यावर असे: रक्त गोठायला किती वेळ लागतो. यकृत जितकं थकतं तितका हा आकडा चढतो, एवढंच मला समजलं होतं.

मग आई यायची. माझा धाकटा भाऊ दिलीप हुबळीतच केशवापूरला राहतो. त्याचं विजेच्या सामानाचं दुकान आहे. धारवाडहून रोज चिगरी नावाच्या सिटीबसने येणं तिच्या गुडघ्यांना झेपेना म्हणून आई त्याच्याकडे राहायला आली होती. सिस्टर लोकांची ड्युटी बदलत असायची त्या गडबडीत ती डबा घेऊन पोचायची. थर्मासमधला कषाय, मऊ भात, ताकातली ज्वारीची आंबील. आम्हाला मूलबाळ नाही. त्यामुळे आईच्या लेखी तिचं शेंडेफळ मीच, दिलीप धाकटा असला तरी. मला दोन घास जास्त गेले तर तिचा दिवस चांगला जायचा. ती आली की मला खरंच बरं वाटायचं. ती गेल्यावर राऊंड असायचा.

राऊंडला मोठे डॉक्टर मला दोन्ही हात पुढे धरायला सांगायचे, पंजे वर उचलून. हात फडफडले तर शरीरातलं विष मेंदूपर्यंत पोचू लागलंय असं समजायचं. त्यानंतर विचारायचे, आज वार कोणता? शंभरातून सात वजा करा. आणखी सात करा. मी राऊंडच्या आधी मनात वार घोकून ठेवायचो. कच्चा साक्षीदार करतो तसं.

एके दिवशी मी शहाऐंशीवर अडकलो. शहाऐंशीतून सात. आकडा समोर दिसत होता आणि त्याच्या पुढे काही नव्हतं. मी हसण्याचा प्रयत्न केला. म्हटलं, गणितात मी पहिल्यापासून कच्चा. कुणी हसलं नाही. डॉक्टर वाट बघत होते. विद्याने तोंड खिडकीकडे फिरवलं. मला मरणाची भीती वाटत नव्हती असं मी म्हणणार नाही, पण त्या घटकेला त्याहून वेगळी भीती वाटली. ज्या डोक्यावर मी आयुष्यभर पोट भरलं ते माझ्या आधी निघून चाललं होतं आणि ते मला समजत होतं.

त्या दिवशीचा रक्ताचा आकडा चढलेला होता.

*

"स्वतःहून सावरेल असं आता दिसत नाही," मोठ्या डॉक्टरांनी दिलीप आणि विद्याला बाहेर बोलावून सांगितलं. "यकृत बदलावं लागेल, बेंगळुरूला बोलून ठेवतो. घरातला दाता असेल तर लवकर होईल."

विद्याचा रक्तगट जुळला नाही. दिलीपचा जुळला. तो माझ्याजवळ आला आणि म्हणाला, "अण्णा, झालं बघ काम. माझं अर्धं तुला. लहानपणी सगळं तू मला तुझं वापरलेलं दिलंस, सायकलपासून चपलांपर्यंत. आता माझं वापरलेलं तू घे." मी त्याला म्हणायला हवं होतं, नको रे, तुला दोन मुलं आहेत. मी ते म्हटलं नाही. मला ते हवं होतं. मला जगायचं होतं आणि त्याच्या पोटात माझं जगणं होतं. आजारी माणूस किती स्वार्थी होतो हे त्याला सोडून बाकी सगळ्यांना दिसत असतं, असं म्हणतात. मला स्वतःलाही दिसत होतं.

दिलीपची बायको रेखा दुसऱ्या दिवशी एकटी आली. स्टूलवर न बसता उभीच राहिली. आमच्या घरात तिने कधी मोठ्याने बोलल्याचं मला आठवत नाही.

"भाऊजी, राग मानू नका," ती म्हणाली. "मला नको म्हणता येत नाही. आणि हो म्हणायला तोंड उघडत नाही. तुम्ही दोघं भाऊ आहात, तुमचं तुम्ही ठरवलंत. मला कुणी विचारलंच नाही."

"आता मी विचारतो," मी म्हटलं.

"आता विचारून काय उपयोग? तुम्ही असे पडलेले. मी काय सांगणार?" तिचे डोळे भरले होते, पण ती रडली नाही. "त्यांना काही झालं तर मी तुम्हाला कधी माफ करणार नाही. आणि तुम्हाला काही झालं तर मला स्वतःला करता येणार नाही. एवढंच सांगायला आले." मग तिने पिशवीतून धुतलेला टॉवेल काढला, उशाशी ठेवला आणि गेली.

दिलीपच्या तपासण्या झाल्या. बेंगळुरूहून होकार आला. ॲम्ब्युलन्स ठरली. निघायच्या आदल्या सकाळी विद्या धारवाडला कपडे आणायला गेली होती आणि मी एकटाच होतो.

*

त्या सकाळी डॉ. शैलजा नेहमीच्या वेळेपेक्षा लवकर आली. म्हणाली, तुम्ही उद्या जाणार, मग भेट होणार नाही, म्हणून ड्युटीच्या आधीच आले. तिचा चेहरा ओढलेला होता. कारण न सापडताच मी तिच्या हातून निसटतोय, याचं तिला वाईट वाटत होतं. तिने पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. सकाळी उठल्यावर काय करता? तोंड धुतो. मग? मग चहा.

तेवढ्यात आई आली. डॉक्टर बसलेली बघून जरा अवघडली, पण तिने आपलं काम थांबवलं नाही. थर्मास उघडला, स्टीलच्या पेल्यात ओतलं, पेला माझ्या हातात दिला. "आधी हे घे. मग आंबील."

"अज्जी, अदु एनु?" डॉ. शैलजाने विचारलं. ते काय आहे?

"कषाय, बाई." आई खूश झाली. डॉक्टरने तिला काही विचारावं असं पहिल्यांदाच घडत होतं. "अमृतबळ्ळीचा. आमच्या परसातली वेल आहे." मराठीत आपण जिला गुळवेल म्हणतो तीच ही, आणि कषाय म्हणजे काढा. "याला मागे ताप आला होता, सांधे धरले होते, तेव्हापासून देते. रोज. एक दिवस चुकवला नाही."

"इथे पण?"

"इथे तर जास्तच घट्ट करते. अंगात शक्ती नको यायला?"

पेला माझ्या ओठांपर्यंत पोचला होता. डॉ. शैलजाने हात पुढे करून तो काढून घेतला. घाई केली नाही, पण मागितलाही नाही. मग तिने माझ्याकडे बघितलं. मी कोर्टात अनेकांकडे ज्या नजरेने बघितलंय, ती नजर.

"मी तुम्हाला विचारलं होतं," ती म्हणाली.

"तुम्ही औषध विचारलंत," मी म्हटलं. माझा आवाज चढला. "हे औषध नाही. हे घरचं आहे. आमच्याकडे सगळे पितात."

"सर, लिव्हरला घरचं आणि दुकानातलं असं वेगळं कळत नाही."

आई एकदा तिच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत होती. "फार कडू झालाय का आज?" तिने विचारलं.

*

पुढचे काही तास मी कधी विसरणार नाही. मोठे डॉक्टर आले. दिलीप दुकान बंद करून रेखाला घेऊन धावत आला आणि आईला काही न सांगता रिक्षात बसवून घरी पाठवलं. विद्या अर्ध्या वाटेवरून परतली. डॉ. शैलजा सांगत होती की अशा काढ्यांनी काही थोड्या लोकांचं यकृत बिघडल्याचं डॉक्टरांच्या पाहण्यात आलेलं आहे. ज्याच्या अंगात तसा कल असतो त्याचं शरीर आपल्याच यकृतावर उलटतं. बहुतेकांना काहीच होत नाही. कुणाला होतं आणि का होतं, हे अजून कुणाला धड सांगता येत नाही.

"म्हणजे यानेच झालंय?" दिलीपने विचारलं.

"शपथेवर नाही सांगणार," ती म्हणाली. "बंद करून बघितल्याशिवाय कळणार नाही."

आणि खरी अडचण तिथेच होती. थांबायचं म्हणजे किती थांबायचं? कारण हेच असेल तर काढा बंद झाल्यावर यकृत सावरू शकेल आणि दिलीपच्या पोटावर सुरी फिरवायची वेळ येणार नाही. कारण हे नसेल तर थांबण्यात मी इतका खालावेन की बेंगळुरूपर्यंतचा प्रवासही झेपणार नाही. मोठे डॉक्टर म्हणाले, "दोन दिवस. आकडा चढला तर त्याच क्षणी निघायचं." मग त्यांनी सगळ्यांकडे बघून विचारलं, "चालेल?"

दिलीप म्हणाला, "नको, जाऊया. मी तयार आहे. उगीच उशीर नको." मी रेखाकडे बघितलं. ती भिंतीला टेकून उभी होती. आता तिला विचारायची वेळ होती आणि यावेळी मी ती चुकवली नाही.

"रेखा, तू सांग."

तिने दिलीपकडे बघितलं नाही. "थांबूया," ती म्हणाली. आणि लगेच म्हणाली, "खरं मी हे यांच्यासाठी बोलते की तुमच्यासाठी, ते मला विचारू नका."

"थांबूया," मी डॉक्टरांना म्हटलं.

त्या दोन दिवसांत विद्या आणि रेखा बाकावर शेजारी शेजारी बसून होत्या. एकमेकींशी बोलत नव्हत्या, पण एकीचा डबा दुसरी धुवून आणायची. दिलीप जिन्यावरून खाली-वर करत होता. मी वार घोकत होतो. पहिल्या दिवशी आकडा जागेवर होता. चढला नाही, उतरला नाही. डॉ. शैलजा म्हणाली, हे वाईट नाही. मला ते वाईटच वाटलं. दुसऱ्या दिवशी रिपोर्ट यायला उशीर झाला. सिस्टर दारात दिसली आणि तिच्या चेहऱ्यावरून काही कळेना. दिलीपने तिच्या हातातून कागद जवळजवळ ओढलाच. वाचला, पुन्हा वाचला. मग तो खाली, फरशीवर बसला. रेखाने विचारलं, काय? त्याने नुसता हात खाली-खाली दाखवला.

आकडा उतरला होता. थोडाच, पण उतरला होता.

विद्या माझ्याजवळ आली. तिने मला काही विचारलं नाही. माझ्या तळव्यावर बोटाने वार लिहिला आणि म्हणाली, "आता पाठ नाही केलात तरी चालेल." मावसभाऊ येऊन गेल्यानंतर ती माझ्याशी पहिल्यांदा तसं बोलली.

*

रक्त पुन्हा नीट गोठायला लागल्यावर त्यांनी यकृताचा लहानसा तुकडा सुईने काढून तपासला. डॉ. शैलजाचा अंदाज खरा ठरला, निदान जितका ठरायचा तितका. गोळ्या सुरू झाल्या. त्या गोळ्यांनी माझा चेहरा भोपळ्यासारखा सुजला आणि मी रात्रंदिवस भुकेलेला असायचो, पण डोळ्यांतला पिवळेपणा मागे सरत गेला. बेंगळुरूला कळवलं की येत नाही. रेखाने त्या दिवशी घरी जाऊन शिरा केला, असं मला दिलीपने सांगितलं.

आईला मात्र कुणी काही सांगितलं नव्हतं. विद्याने तिला म्हटलं होतं, डॉक्टरांनी सध्या साधंच जेवण सांगितलंय, कषाय नको. आईने मान डोलावली होती आणि थर्मासमधून साधं गरम पाणी आणायला लागली होती. आम्ही सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं की हे असंच राहू द्यायचं. पंच्याहत्तरी ओलांडलेल्या बाईला कशाला सांगायचं?

मला डिस्चार्ज मिळाला त्या दिवशी डॉ. शैलजा म्हणाली, "मला अज्जींशी बोलायचंय. ती वेल बघायची आहे. खरी अमृतबळ्ळीच आहे की तिच्यासारखी दिसणारी दुसरी, तेही बघायला हवं."

"नाही," मी म्हटलं. "माझ्या आईला तुमच्या अभ्यासात साक्षीदार म्हणून उभी करणार नाही मी. आणि आरोपी म्हणून तर मुळीच नाही."

तिने वाद घातला नाही. फक्त विचारलं, "तुम्ही त्या दिवशी म्हणालात, आमच्याकडे सगळे पितात. सगळे म्हणजे कोण?"

मी तोपर्यंत फक्त स्वतःचा विचार करत होतो.

*

केशवापूरला दिलीपच्या घरी आई ताटात तांदूळ निवडत बसली होती. मी तिच्याजवळ जमिनीवर बसलो आणि सांगितलं. मी कोर्टात लांबलचक बोलतो. इथे तीन-चार वाक्यांत संपलं.

ती तांदूळ निवडत राहिली. मग म्हणाली, "दवाखान्यात पण मी दिलं. होय ना?"

"होय."

"तुला आकडा येईना झाला होता, त्या दिवशी पण?"

"होय, आई. खरं तुला काय माहीत? मला तरी कुठं माहीत होतं?"

"शेजारच्या कमलाक्काला पण देते मी," ती म्हणाली. "पाटलांच्या सुनेला देते. कोपऱ्यावरच्या मास्तरांना बाटली भरून देते. आपल्याकडं जास्त होतो म्हणून." मग तिने ताट बाजूला सरकवलं आणि गुडघ्यावर हात टेकून उठली. "चल. धारवाडला जायचं आहे मला. आत्ताच्या आत्ता."

मी बोलावल्यावर डॉ. शैलजाही आली. तिने वेलीचा तुकडा कापून वर्तमानपत्रात गुंडाळून नेला. त्याचं नक्की उत्तर मला अजून मिळालेलं नाही. आई सप्तापूरच्या गल्लीत दारोदार गेली. मला बरोबर येऊ दिलं नाही, विद्याला नेलं. विद्याने नंतर सांगितलं, आई प्रत्येक दारात एकच वाक्य बोलत होती: "मी दिलेला कषाय पिऊ नका, माझा मुलगा त्याने मरता मरता वाचला." पाटलांच्या घरी आजीबाई चिडल्या. आम्ही जन्मभर प्यायलो, आम्हाला काय झालं, म्हणाल्या. त्यांचंही खोटं नव्हतं. मास्तरांनी बाटली परत दिली. कमलाक्काला काही त्रास नव्हता, तरी डॉ. शैलजाने तिचं रक्त तपासायला लावलं. यकृताचे आकडे वाढलेले निघाले. काढा बंद केल्यावर ते आपोआप उतरले. कमलाक्का रोज येऊन आईला ते सांगायची. आई ऐकून घ्यायची.

*

मी आता बरा आहे. गोळ्या कमी होत चालल्यात. कोर्टात जातो, लवकर दमतो. ज्यांना हे वाचून उपयोग होईल त्यांना एवढंच सांगतो: डॉक्टरने विचारलेल्याहून जास्त सांगा. चूर्ण, चाटण, काढा, शेजारणीने दिलेलं, देवळातून आणलेलं, सगळं सांगा. लाजू नका आणि माझ्यासारखं वकिली डोकं चालवू नका.

घरी आल्यापासून आई मला काही देत नाही. स्वयंपाक तीच करते, पण ताट विद्याने वाढायचं. पाणी मागितलं तरी विद्याला हाक मारते. विद्या शाळेत गेलेली असेल तर झाकून ठेवते आणि आत निघून जाते. मी एकदा-दोनदा चिडलो, समजावलं, हसण्यावारी नेलं. ती ऐकून घेते.

परवा दुपारी घरात आम्ही दोघंच होतो आणि मला भयंकर भूक लागली होती. मी स्वयंपाकघरात जाऊन पाटावर बसलो आणि म्हटलं, "आई, तुझ्या हाताने वाढ. नाहीतर मी जेवत नाही." ती माझ्याकडे बघत उभी राहिली. मग तिने तव्यावरची भाकरी ताटात टाकली, मुगाची उसळ वाढली, ताट घेऊन माझ्यासमोर बसली आणि ते माझ्याकडे न सरकवता स्वतःपुढेच ठेवलं. भाकरीचा तुकडा मोडला, उसळीला लावला आणि खाल्ला. चावून चावून गिळला. मी ताटाकडे हात केला तर तिने माझं मनगट धरलं.

"थांब जरा," ती म्हणाली. "मला काही होत नाही ना बघू."

असं काही त्याने कळत नसतं, हे मी तिला सांगू शकलो असतो. भाकरी निवत चालली होती. मी हात मांडीवर ठेवला आणि ती म्हणेपर्यंत थांबलो.